बाण सुटण्याआधी

तिरंदाजीच्या मैदानावर प्रेक्षक कोण आणि प्रशिक्षक कोण हे ओळखायचं असेल, तर कोणाची नजर कुठे आहे तेवढं बघावं. बाण सुटला की प्रेक्षकाची मान त्याच्याबरोबर वळते. प्रशिक्षकाची वळत नाही. बाण बटावर, म्हणजे नेमाच्या जाड गादीवर, थाडकन बसतो, कडेची पोरं "नऊ!" म्हणून ओरडतात आणि तो अजून बाण सोडणाऱ्याच्या उजव्या कोपराकडेच बघत असतो. सामन्यात गोष्ट वेगळी. तिथे तो खेळाडूच्या मागे दुर्बीण घेऊन उभा राहतो आणि बाण कुठे लागला ते सांगतो, कारण त्या वेळी त्याच्या हातात तेवढंच असतं. रोजच्या सरावात मात्र त्याला जे पाहायचं असतं ते बाण सुटण्याआधीच्या तीन-चार सेकंदांत घडून गेलेलं असतं.

पन्नाशी उलटल्यावर मी धनुष्य हातात घेतलं. साताऱ्यात, शहराच्या कडेला एका मोकळ्या जागेत चार बटं उभी केलेली आहेत. पलीकडे उसाचं रान, डोक्यावर दुपारनंतर हमखास उठणारा वारा. आमचे सर माझ्या मुलाहून लहान आहेत. मी त्यांना सर म्हणते, ते मला काकू म्हणतात, आणि यात मैदानावर कोणालाच काही वेगळं वाटत नाही. सुरुवातीला एकदा माझा बाण चक्क पिवळ्यात, म्हणजे अगदी मधल्या वर्तुळात बसला. मी वळून बघितलं. सर म्हणाले, "काकू, डावा खांदा वर आला होता."

"पण पिवळ्यात लागला ना?"

"लागला. खांदा तसाच राहिला तर पुढचा लागायचा नाही."

तेव्हा मला ते कठोर वाटलं. आता वाटतं, माझ्या वयाच्या शिकणाऱ्या बाईचा याहून मोठा मान कोणी राखला नसता. नुसतं "वा, छान" म्हणून ते मोकळे होऊ शकले असते.

मी शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे सर ज्या बारीकसारीक गोष्टींच्या मागे लागतात त्यांचा हिशेब एकदा मांडून बघावासा वाटला. ऑलिंपिकमध्ये रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या धनुष्याने ७० मीटरवरून नेम धरतात. समोरचा कागद, म्हणजे मैदानावरच्या बोलीतला 'फेस', १२२ सेंटिमीटर व्यासाचा असतो आणि त्यातलं दहा गुणांचं वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचं. बाणाची लांबी ७० सेंटिमीटर धरू. म्हणजे अंतर बाणाच्या बरोबर शंभर पट. बाणाचं पुढचं टोक जागेवर राहिलं आणि हनुवटीखाली धरलेलं मागचं टोक फक्त १ मिलिमीटर खाली सरकलं, तर समोर १०० मिलिमीटरचा, म्हणजे १० सेंटिमीटरचा फरक पडतो. दहाच्या मधोमध जाणारा बाण नवात जातो. यात वारा धरलेला नाही, बाणाचं लवणं धरलेलं नाही. ही नुसती समरूप त्रिकोणांची शाळेतली भूमिती झाली.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांची अंतिम लढत दक्षिण कोरियाचा किम वू-जिन आणि अमेरिकेचा ब्रेडी एलिसन यांच्यात झाली. पाच सेटनंतर बरोबरी. मग एकेका बाणावर निकाल. दोघांनीही दहा मारले. अशा वेळी ज्याचा बाण केंद्राच्या जवळ तो जिंकतो, आणि किमचा बाण ४.९ मिलिमीटरने जवळ होता. त्याला शंभराने भागलं की हनुवटीखालचा फरक मिळतो, मिलिमीटरचा साधारण विसावा भाग. इतक्याशा फरकावर सुवर्ण आणि रौप्य ठरलं. हे गणित मी वहीत मांडलं त्या दिवसापासून सरांच्या एकाही सूचनेला "एवढ्याशाने काय होतंय" असं मनातसुद्धा म्हटलेलं नाही.

आणि अडचण अशी की हा फरक जिथे पडतो ती जागा बाण मारणाऱ्याला दिसतच नाही. डोळा धनुष्यावरच्या, नेम धरायच्या साईटमधून समोर लागलेला असतो. दोरी धरलेला हात हनुवटीच्या खाली, कोपर कानामागे, आणि ज्या स्नायूंनी दोरी ओढायची ते तर पाठीत. दोरी हाताने ओढतात असं बाहेरून वाटतं. प्रत्यक्षात दंडाच्या जोरावर ओढणारा माणूस पाच-दहा बाणांत थकतो आणि त्याचा हात थरथरायला लागतो. उजवं खवाटं मणक्याकडे सरकवत नेलं की भार पाठ उचलते आणि हात फक्त दोरी आणि पाठ यांना जोडणारा दुवा राहतो. हे वाचून समजतं, करताना समजत नाही, कारण आपली पाठ आपण जन्मात पाहिलेली नसते. सरांकडे एक मोडका बाण आहे, टोक काढून टाकलेला. मी दोरी ओढत असताना त्याचा मागचा प्लॅस्टिकचा भाग ते माझ्या दोन खवाट्यांच्या मध्ये हलकेच टेकवतात. "इथे चिमूट बसली पाहिजे." कितीतरी दिवस ती बसत नव्हती. मग एका संध्याकाळी बसली आणि दोरी ओढण्याचा भार निम्मा झाल्यासारखा वाटला. धनुष्य तेच, ओढीचे पौंड तेच.

धनुष्याच्या मुठीचंही तसंच. कॅलेंडरवरचा राम कोदंड मुठीत आवळून उभा असतो, आणि आपल्या डोक्यात धनुर्धारी म्हणजे ती मूठ. सरांनी एके दिवशी बॉलपेन मागितलं, माझा डावा तळहात समोर धरायला लावला आणि आयुष्यरेषेवरून पेन फिरवलं. "धनुष्य या रेषेच्या अलीकडे, अंगठ्याच्या बाजूला टेकायचं. पलीकडे स्पर्शसुद्धा नको. चारही बोटं सैल." मग रेषेपलीकडच्या भागावर त्यांनी बारीक रेघोट्या ओढल्या. सराव संपल्यावर त्या रेघोट्या शाबूत असल्या तर ठीक. फिसकटलेल्या दिसल्या तर हँडल कुठे टेकलं ते वेगळं सांगायची गरज नसे. आवळलेली मूठ बाण सुटण्याच्या क्षणी धनुष्याला पिळते, आणि तो पीळ बाण आपल्याबरोबर घेऊन जातो. म्हणून हात इतका सैल ठेवायचा की बाण सुटल्यावर धनुष्य हातातून पुढे झेपावलं पाहिजे, आणि ते खाली पडू नये म्हणून बोटांना किंवा मनगटाला 'स्लिंग'ची दोरी बांधायची. घट्ट धरण्यात सगळा जन्म गेलेल्या हाताला हे शिकवणं सोपं नाही. माझ्या हाताने ते बऱ्याच रेघोट्या फिसकटवून शिकून घेतलं.

द्रोणाचार्यांनी झाडावर ठेवलेला कृत्रिम पक्षी आणि अर्जुनाला दिसलेलं फक्त त्याचं मस्तक, ही गोष्ट शाळेत न सांगणारा शिक्षक आपल्याकडे सापडायचा नाही. लक्ष्य सोडून दुसरं काही दिसता कामा नये, असं तिचं तात्पर्य सांगतात. मैदानावर आल्यापासून मला महाभारताच्या त्याच आदिपर्वातली दुसरी गोष्ट जास्त खरी वाटते. अर्जुनाला अंधारात जेवायला वाढू नकोस, असं द्रोणांनी आचाऱ्याला बजावून ठेवलेलं असतं. एका रात्री तो जेवत असताना वाऱ्याने दिवा विझतो. तरी त्याचा हात चुकत नाही, घास तोंडातच जातो. अर्जुनाच्या लक्षात येतं की हात सवयीने जातो, डोळ्याने नव्हे, आणि तो रात्रीच्या अंधारात धनुष्याचा सराव सुरू करतो. द्रोणांना त्याच्या दोरीचा आवाज ऐकू येतो, ते उठून येतात आणि त्याला मिठी मारतात.

या गोष्टीत लक्ष्य कुठेच नाही. आहे तो अंधार, हात आणि दोरीचा आवाज. आमच्याकडे सर तेच करून घेतात. फेस काढून टाकतात. समोर नुसतं बट, तेही तीन-चार मीटरवर. त्यांच्या देखरेखीखाली उभं राहायचं, दोरी ओढायची, अँकर लागला, म्हणजे हात हनुवटीखाली ठरल्या जागी टेकला, की डोळे मिटायचे आणि बाण सोडायचा. कुठे लागला याला अर्थच नसतो. मग कान उघडतात. दोरी सोडण्याचा क्षण, म्हणजे रिलीज, नीट झाला की दोरीचा आवाज एकच येतो, कोरडा आणि आखूड. बोटांनी दोरी उपटली गेली की त्यात दुसरा एक आवाज मिसळतो. दोरी छातीच्या गार्डला घासून गेली तर तेही ऐकू येतं. सर माझ्याकडे पाठ करून मुलांशी बोलत असले तरी मध्येच मान न वळवता म्हणतात, "काकू, हा उपटला." द्रोणांना अंथरुणात पडल्या पडल्या काय ऐकू आलं असेल हे मला आता कळतं.

डोळे मिटून मारण्याचा हा सराव मोठ्या खेळाडूंनाही सुटत नाही. त्यांच्यातल्या काहींना 'टार्गेट पॅनिक' नावाचा आजार जडतो. साईटची रिंग पिवळ्यावर येताक्षणी बोटं आपोआप सुटतात, किंवा हात रिंगला पिवळ्याच्या खालीच अडवून धरतो आणि काही केल्या वर जाऊ देत नाही. डोळ्याला लक्ष्य दिसतं आणि शरीर ताबा सोडतं. त्यावरचा पहिला इलाज म्हणजे लक्ष्यच काढून घेणं.

सगळ्यात जास्त मी शिकले ते मात्र क्लिकरमुळे. क्लिकर म्हणजे धनुष्याच्या हँडलवर बसवलेली एक पातळ पट्टी. बाण तिच्याखालून मागे ओढायचा. बाणाचं टोक तिच्याखालून निसटलं की पट्टी हँडलवर आपटते आणि टक असा आवाज होतो. तो ऐकला की सोडायचं. त्यामुळे दोरी दर वेळी तेवढीच ओढली जाते, बाणाला दर वेळी तेवढाच जोर मिळतो. शेवटचे एक-दोन मिलिमीटर मात्र हाताने खेचून घ्यायचे नसतात. पाठ आणि छाती दोन्ही बाजूंनी उघडत जाऊन ते आपोआप यावे लागतात.

क्लिकर बसवल्यानंतर काही काळ माझे बाण मधूनच वर जात. ३० मीटरवर तीन-चार बाण लालमध्ये एकमेकांशेजारी बसत आणि एखादा एकदम वर, निळ्यात. साईट हलवून उपयोग नव्हता. बाण जिकडे, साईट तिकडे, असा साधा नियम आहे, पण तो सगळेच बाण एका बाजूला जात असतील तेव्हा लागू पडतो. एका बाणासाठी साईट हलवली तर बाकीचे चांगले बाण बिघडतील. मी रात्री मोबाइलवर व्हिडिओ बघितले. एकाने सांगितलं कोपर खाली जातंय, दुसऱ्याने सांगितलं खालच्या बोटाचा दाब वाढतोय, तिसऱ्याने बाणच बदलायला सांगितले. तिन्ही माणसं जाणकार होती आणि तिघांचंही म्हणणं कोणा ना कोणासाठी खरं होतं. मला त्यांच्यापैकी कोणीही पाहिलेलं नव्हतं.

सर काही बोलले नाहीत. ते नुसते जागा बदलत राहिले. एकदा मागून, एकदा उजव्या कोपराच्या रेषेत, मग शूटिंग लाइनवर माझ्यासमोर, चेहरा दिसेल असे. मग एके दिवशी म्हणाले, "काकू, दात मिटलेले ठेवा."

"दात?"

"क्लिकर वाजायच्या आधी तुमचं तोंड उघडतंय."

हात हनुवटीला टेकवलेला. तोंड उघडलं की जबडा खाली येतो, जबड्याबरोबर हात, हाताबरोबर बाणाचं मागचं टोक. ३० मीटर म्हणजे माझ्या बाणाच्या साधारण ४४ पट. ३ मिलिमीटर तोंड उघडलं की बाण १३ सेंटिमीटर वर. हिशेब चोख जुळत होता. मी दात मिटले आणि ती संध्याकाळ छान गेली.

दुसरा कोणी असता तर इथेच थांबला असता. सर थांबले नाहीत. तोंड उघडतं हे दिसलं, पण का उघडतं? त्यांनी मोबाइलवर प्रत्येक बाणाचा वेळ मोजला. ज्या बाणांना तोंड उघडत होतं त्यांत अँकर लागल्यापासून बाण सुटेपर्यंत दुप्पट वेळ जात होता. श्वास रोखून धरलेला, तो संपत आला की तोंड हवेसाठी आपोआप उघडायचं. मग वेळ का लागत होता? बाणाचं टोक क्लिकरखाली अडकून बसत होतं, शेवटचा जरासा भाग काही केल्या निघत नव्हता. आणि तो का निघत नव्हता? कारण क्लिकर बसवला तेव्हा मी मान किंचित मागे टाकून ओढायची. त्यानंतर सरांनीच माझी मान सरळ करून घेतली होती. मान सरळ झाली, अँकर पुढे आला, दोरी तेवढी कमी ओढली जाऊ लागली, पण क्लिकर जुन्या मापावरच राहिला होता.

त्यांनी खिशातून ॲलन की काढली, स्क्रू सैल केला, क्लिकर ३ मिलिमीटर पुढे सरकवला, पुन्हा आवळला. "आता दातांचा विचार करू नका."

मान, क्लिकर, श्वास, जबडा, बाण. ही साखळी मला शंभर वर्षांत सापडली नसती, कारण मी तिच्या आत उभी होते. दुसऱ्याचं काय चुकतंय हे पुष्कळांना दिसतं. त्या चुकीच्या मागे चालत चालत ती जिथून निघाली तिथवर जाणं, आणि वाटेत स्वतःचीच जुनी दुरुस्ती भेटली तर तिलाही हिशेबात धरणं, हे काम वेगळं. त्यासाठी तंत्राच्या माहितीपेक्षा त्या माणसाबद्दलची आस्था जास्त लागते असं माझं ठाम मत झालेलं आहे. ज्याला मी खेळले काय, न खेळले काय सारखंच, तो दातांपाशी थांबला असता.

मुलांना शिकवताना सरांना पाहणं हाही एक अभ्यास आहे. आमच्याकडे शाळकरी मुलं पुष्कळ येतात. नवीन मुलगा आला की सर त्याला दोन्ही हातांचे पंजे एकावर एक ठेवून मध्ये छोटी खिडकी करायला लावतात, तिच्यातून लांबची एखादी वस्तू बघायला सांगतात आणि खिडकी हळूहळू तोंडाजवळ आणायला लावतात. ती ज्या डोळ्यापाशी येते तो त्याचा प्रबळ डोळा. उजव्या हाताने लिहिणाऱ्या काही मुलांचा डावा डोळा प्रबळ निघतो. मग त्यांना डावखुरं धनुष्य द्यावं का यावर आईबापांशी शांतपणे बोलणं होतं. धनुष्य हातात येण्याआधी रबराच्या पट्ट्यावर ओढण्याची सवय. तारेच्या कुंपणाबाहेर उभे असलेले वडील विचारतात, "सर, पोरगं पिवळ्यात कधी मारायला लागणार?" सर त्यांना मुलाचा फेस दाखवतात. सहाच्या सहा बाण डावीकडे निळ्यात, पण सगळे मूठभर जागेत. "याचा ग्रुप बघा. हा पिवळ्यात कधीही नेता येईल, साईट दोन टिचक्या सरकवली की झालं. मला पसरलेल्या बाणांची काळजी असते." वडिलांना ते पटतंच असं नाही. शेजारच्या मुलाचा एक बाण पिवळ्यात आणि पाच चारी दिशांना असतात, आणि त्याच्या घरचे फोटो काढत असतात.

त्या वेळी मला शाळा आठवते. वर्गात साठ मुलं असली की शिक्षकाच्या हाती उत्तरपत्रिका येते, आणि उत्तरपत्रिकेत बाण कुठे लागला तेवढंच दिसतं. पेन्सिल हातात धरलेलं मूल उदाहरणापाशी कुठे अडखळलं, कुठे श्वास रोखून बसलं, हे पाहायला शेजारी उभं राहावं लागतं. साठ मुलांशेजारी उभं राहण्याइतके शिक्षक आपण कधी नेमलेच नाहीत.

मोबाइलवरच्या व्हिडिओचा उपयोग सरही करतात, पण दाखवायला. सेकंदाला २४० फ्रेमवर चित्रित केलेला बाण त्यांनी एकदा मला संथ करून दाखवला. बाण सरळ जातो असं आपण समजतो. तो मासळीसारखा वळवळत जातो. बोटांवरून सुटताना दोरी जरा बाजूला सरकते, बाण धनुष्याच्या दांड्याला वळसा घालून लवतो, उलटा लवतो आणि काही अंतर गेल्यावर कुठे स्थिर होतो. म्हणून बाण किती कडक असावा हे धनुष्याच्या जोराप्रमाणे ठरवावं लागतं. ते पाहिल्यावर माझ्या बोटांचं महत्त्व मला कळलं. सरांनी व्हिडिओ एकदाच दाखवला आणि मोबाइल खिशात घातला. "रोज बघाल तर विचार करत माराल."

आधीच कसलेल्या खेळाडूलाही असा डोळा लागतो. ऑस्ट्रेलियाचा सायमन फेअरवेदर १९९१ मध्येच जगज्जेता झाला होता, पण ऑलिंपिक पदक त्याला तेव्हाही मिळत नव्हतं आणि नंतरही मिळेना. कोरियाचे प्रशिक्षक की सिक ली ऑस्ट्रेलियात आले, त्यांच्या हाताखाली त्याने तंत्रावर पुन्हा मेहनत घेतली आणि २००० मध्ये सिडनीत सुवर्ण जिंकलं. जगज्जेतेपद पदरी असताना दुसऱ्याला आपला खांदा तपासू देणं, याचं मला त्या सुवर्णापेक्षा अप्रूप वाटतं.

आम्हा सातारकरांना तर उदाहरणासाठी लांब जायची गरज नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी कंपाउंड प्रकारात विजेती ठरली. वय १७. वैयक्तिक प्रकारात जगज्जेती झालेली ती पहिली भारतीय तिरंदाज. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने पुरुषांच्या अंतिम लढतीत १५० पैकी १५० गुण घेतले. म्हणजे पंधरा बाण, आणि पंधराही ५० मीटरवरच्या ८ सेंटिमीटरच्या वर्तुळात. दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंत यांच्याकडे दृष्टी आर्चरी ॲकॅडमीत शिकलेले. कंपाउंडला चाकं असतात, पूर्ण ओढल्यावर भार कमी होतो, दोरी बोटांऐवजी रिलीज नावाच्याच एका उपकरणाने सोडतात. आमच्या रिकर्व्हपेक्षा ते बरंच निराळं. पण त्या दिवशी आमच्या मैदानावर पेढे वाटले गेले आणि त्यानंतर कुंपणाबाहेरच्या वडिलांची संख्या एकदम वाढली.

मुलांना हुरूप यावा म्हणून कोणीतरी एकलव्याची गोष्ट सांगतंच. बघा, गुरू नसतानाही शिकला! मला ती अशी सांगितलेली सोसत नाही. एकलव्य गुरूशिवाय शिकला कारण त्याला गुरू नाकारला गेला. द्रोणांचा मातीचा पुतळा त्याने हौसेने केला नव्हता. त्या पुतळ्याला त्याचा खांदा दिसत नव्हता, दोरी ऐकू येत नव्हती, आणि तरी तो इतका पुढे गेला. मग ज्या द्रोणांनी कधी शिकवलंच नाही त्यांनी अंगठा मागितला. या गोष्टीतून मेहनतीचा धडा काढणं म्हणजे तिच्यातला अन्याय झाकणं होय.

म्हणून मला प्रवीण जाधवचं नाव मुलांना सांगावंसं वाटतं. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा, मोलमजुरी करणाऱ्या घरातला मुलगा. आधी धावायचा. शाळेतल्या क्रीडाशिक्षकांनी त्याला हेरलं, राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत पाठवलं, तिथे अमरावतीला त्याच्या हातात धनुष्य आलं. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत त्याने ६५६ गुण घेतले, तिन्ही भारतीय पुरुषांत सर्वांत जास्त, आणि वैयक्तिक प्रकारातल्या पहिल्याच लढतीत जागतिक क्रमवारीतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला हरवलं. या मुलाच्या शेजारी कोणीतरी उभं राहिलं होतं. फी भरू न शकणाऱ्या मुलाच्याही शेजारी कोणीतरी उभं राहावं ही सरकारी योजना असू शकते, याचा मला फार अभिमान वाटतो, आणि ती प्रत्येक तालुक्यात पोचलेली नाही याचं तेवढंच वाईट वाटतं. आमच्या मैदानावर बांबूच्या धनुष्यावर सराव करणारी एक मुलगी आहे. तिच्या हातात रिकर्व्ह यावं म्हणून सर जुन्या लिंब्ज, म्हणजे धनुष्याची पाती, आणि हँडल जमवत फिरतात. तिचा रिलीज माझ्यापेक्षा कितीतरी स्वच्छ आहे. तिच्या दोरीचा आवाज मी आता डोळे मिटून ओळखते.

सरांची एक सवय मला फार उशिरा कळली. माझ्या दहा गोष्टी चुकत असतील तर ते एकच सांगतात. बाकीच्या नऊ त्यांना दिसत नाहीत असं नाही. एका वेळी शरीर एकच गोष्ट ऐकतं. दोन सांगितल्या तर दोन्ही जातात. त्यामुळे कोणती आधी, कोणती नंतर आणि कोणती सांगायचीच नाही कारण ती दुसऱ्या दुरुस्तीने आपोआप जाईल, याचा आराखडा त्यांच्या डोक्यात प्रत्येकाचा वेगळा असतो. सध्या माझं काम चाललं आहे ते उजव्या हाताच्या कोपरावर. बाण सुटला की ते मागे, पाठीच्या रेषेत जायला हवं.

परवा मीच स्वतःचा एक व्हिडिओ काढून घरी पाहिला. त्यात मला दुसरंच काही दिसलं. दुसऱ्या दिवशी मैदानावर गेल्या गेल्या विचारलं, "सर, बाण सुटल्यावर माझा डावा हात लगेच खाली येतोय ना?"

"येतोय."

"मग बोलला नाहीत कधी?"

"आधी कोपर होऊ दे, काकू. हाताचं दिवाळीनंतर बघू."